मिरजेचा भोपळा आणि आजचे शिल्प

(सातारा-सांगली परिसरातील कलाविद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मराठी भाषेने भोपळ्याला फारसा मान दिलेला नाही. परीक्षेत शून्य गुण पडले की भोपळा मिळाला म्हणायचे. भ्रम दूर झाला की भोपळा फुटला म्हणायचे. दोघांचे पटत नसेल तर विळ्याशी त्याचे सख्य जोडून द्यायचे. कीर्तनात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतला भोपळाही सारी तीर्थे न्हाऊन येतो आणि कडूचा कडूच राहतो. गोष्टीचे तात्पर्य आपल्या जागी योग्यच आहे. परंतु भोपळ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो कडू होता म्हणून त्याची भाजी झाली नाही, गुरांनी त्याला तोंड लावले नाही. तो वेलावरच राहिला आणि वाळला. वाळला म्हणून त्याच्या सालीचे लाकडासारखे टणक कवच झाले, आणि त्या कवचातून तंबोऱ्याचा षड्ज उमटला. ज्या कडूपणाबद्दल त्याला हिणवले गेले, त्यानेच त्याला गवयाच्या मांडीजवळ नेऊन बसवले.

अलीकडे कलाशाळांतून ‘नैसर्गिक साहित्य’ हा परवलीचा शब्द झाला आहे. माती, ताग, बांबू, वेत, शेण, नारळाची करवंटी, वाळका भोपळा अशा पदार्थांतून शिल्पे होत आहेत, प्रदर्शने भरत आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. प्रश्न इतकाच आहे, की हे साहित्य हाती घेणाऱ्याला त्याची ओळख कितपत आहे? बाजारातून चार भोपळे आणले, त्यांना रंग फासला, डोळे चिकटवले आणि खाली ‘पर्यावरणपूरक शिल्प’ अशी पाटी लावली, की त्या भोपळ्याचे साहित्यपण संपते. उरतो तो केवळ पृष्ठभाग. तो कागदाच्या लगद्याचा असता किंवा प्लास्टिकचा असता, तरी काही बिघडले नसते. साहित्य निवडण्यामागे काही अर्थ असेल, तर त्या साहित्याखेरीज दुसऱ्या कशातूनही जे साधले नसते, ते शिल्पात दिसले पाहिजे.

आणि भोपळ्यापुरते बोलायचे, तर ही ओळख करून घेण्यासाठी सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्याला दूर जाण्याचे कारण नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीपर्यंत गेले तरी पुरे.

शस्त्रांकडून सुरांकडे

मिरजेत तंतुवाद्ये घडू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. ती घडवणारे हात मूळचे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या, त्यांना पाणी देणाऱ्या कारागिरांचे. मराठी राज्य गेले, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि शस्त्रांचे काम आटले. अशा वेळी मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यदुरुस्तीत आणि पुढे वाद्यनिर्मितीत लक्ष घातले. धातूचा कस जाणणाऱ्या बोटांनी लाकडाचा आणि भोपळ्याचा कस जाणून घेतला. शिकलगारांचे सतारमेकर झाले. गल्लीलाही तेच नाव पडले. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या थोर गायकाचे वास्तव्य मिरजेस घडले. वाद्याच्या आवाजाबद्दल कमालीचे चोखंदळ असणारे असे गायक दाराशी असल्यामुळे कारागिराच्या कानावरही संस्कार होत गेले. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले. या मातीने घडवलेल्या कौशल्यावर ती एक प्रकारे शासकीय मोहोर उठली.

या इतिहासात शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावे असे एक आहे. या कारागिरांनी व्यवसाय बदलला तेव्हा हत्यारे बदलली, साहित्य बदलले, गिऱ्हाईक बदलले. साहित्यासमोर संयमाने बसण्याची सवय मात्र बदलली नाही. परंपरा टिकणे म्हणजे जुनीच वस्तू पुनःपुन्हा करत राहणे नव्हे, याचा इतका स्वच्छ दाखला शोधून सापडणार नाही.

शेतातच आकार घेणारे साहित्य

मिरजेला लागणारा भोपळा मिरजेत पिकत नाही. तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या खोऱ्यातून. स्वयंपाकघरात येणाऱ्या दुधी भोपळ्याचाच हा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रात दोघांचे नाव एकच, लॅजेनॅरिया सिसेरारिया. मात्र वाद्याचा भोपळा जाड सालीचा, कडू आणि आकाराने प्रचंड. पावसाळ्यात वेल लावायचा, हिवाळ्यात फळ पक्व होऊ द्यायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वेलासकट वाळल्यावर ते उचलायचे. वाळताना त्यातले जवळजवळ सारे पाणी निघून जाते. मागे राहते ते हलके, टणक कवच, आणि आत खुळखुळणारे बी.

दगड किंवा लाकूड शिल्पकाराच्या हाती येते तेव्हा ते निराकार असते, निदान तसे मानून तो कामाला लागतो. भोपळा मात्र आकार घेऊनच येतो, आणि त्या आकारात शेतकऱ्याचा वाटा असतो. फळ जमिनीवर ज्या बाजूने टेकते, ती बाजू चपटी होते. ओल्या मातीला लागून राहिले तर तिथे डाग पडतो, साल कच्ची राहते. म्हणून फळाखाली पेंढा घालायचा, ते नीट बसते करायचे, वेळोवेळी पाहायचे, आणि त्याला इजा होऊ द्यायची नाही. कारण कोवळेपणी उमटलेला ओरखडा वाळल्यावरही तसाच राहतो. वेलावर किती फळे ठेवायची आणि किती खुडायची, यावर उरलेल्यांचा घेर ठरतो. तंबोऱ्यासाठी निर्दोष गोलाई हवी असते. ती गोलाई पटाशीने येत नाही. ती शेतात आलेली असावी लागते. त्या अर्थाने मंगळवेढ्याचा शेतकरी हा मिरजेच्या वाद्याचा पहिला शिल्पकार आहे. त्याची ओळख तशी कोणी करून देत नाही, हा भाग निराळा.

चीनमध्ये ही गोष्ट फार पूर्वी ओळखली गेली. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६१ ते १७२२) राजदरबारासाठी भोपळे साच्यात वाढवले जात. कोवळ्या फळाभोवती आतून नक्षी कोरलेला साचा बांधायचा. फळ वाढत वाढत साच्याच्या भिंतींना भिडते आणि नक्षी स्वतःच्या अंगावर घेते. पुढे साचा काढला की फुलदाणी किंवा डबी तयार! माणसाने हत्यार चालवले ते साच्यावर, भोपळ्यावर नव्हे.

हे वाचून कलाशाळेतील विद्यार्थ्याच्या मनात काहीतरी हलायला हवे. दोन किंवा चार तुकड्यांचा प्लास्टरचा साचा करणे हा त्याच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. तो साचा तो आजवर ओतकामासाठी करत आला. तोच साचा एखाद्या वेलावरच्या मूठभर फळाभोवती बांधला तर काय होईल? वाढत्या फळाचा रेटा विलक्षण असतो. कच्चा साचा ते फोडून टाकते. म्हणून साचा जाड हवा, तारेने आवळलेला हवा, आणि फळ कुजू नये यासाठी त्याला हवेची छिद्रे हवीत. चार साच्यांतले दोन फुकट जातील, हे धरूनच चालावे लागेल. परंतु उरलेल्या दोहोंत जे येईल, ते माणसाचे की निसर्गाचे, हे सांगणे कठीण होईल. शिल्पकलेत इतकी रम्य अडचण क्वचितच पदरी पडते.

कारागिराच्या बैठकीवर

मिरजेच्या कारखान्यात भोपळा आला की लगेच हत्यार चालत नाही. आधी त्याची निवड होते. टिचकी मारून आवाज ऐकायचा, साल सगळीकडे सारख्या जाडीची आहे का ते पाहायचे, वजनाचा अंदाज घ्यायचा. मग कापायची जागा ठरवायची. हा निर्णय एकदाच घेता येतो. लाकडात चूक झाली तर खोलवर उतरून ती बुजवता येते. भोपळ्याला अशी खोली नाही, त्याची जी काही जाडी आहे ती बोटाएवढीदेखील नसते. कापल्यावर आतला वाळका गर आणि बिया खरवडून काढायच्या. ही धूळ छातीला वाईट. नाकाला फडके बांधल्यावाचून हे काम करू नये. मग भोपळा पाण्यात भिजवायचा. भिजला की ते टणक कवच थोडे मऊ पडते, वळते. त्याच्या तोंडात काटक्यांचे आधार तिढा देऊन बसवायचे, तोंड हवे तितके उघडायचे आणि तसेच वाळू द्यायचे. वाळल्यावर काटक्या काढल्या तरी कवच नवा आकार सोडत नाही.

पुढे त्याला लाकडी गळा जोडायचा, तोंडावर तबली बसवायची, दांडी चढवायची. गोल, पातळ, किंचित वेड्यावाकड्या कडेला लाकडाची सपाट कड अशी बसवायची, की सांध्यातून नखही जाऊ नये. जोडावर पानाफुलांची कोरीव नक्षी येते. ती केवळ शोभेसाठी आहे असे पाहणाऱ्याला वाटते; परंतु दोन वेगळ्या प्रकृतीचे पदार्थ जिथे भेटतात, ती जागा झाकण्याचे आणि सावरण्याचे कामही ती करते. शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे हात द्यायचे. एक हात वाळला की दुसरा, मग तिसरा. घाई केली तर चकाकी येते, खोली येत नाही.

या साऱ्या कृतींपैकी एकही अशी नाही, की जी शिल्पकाराच्या उपयोगाची नाही. निवड, छेद, भिजवून वळवणे, परक्या पदार्थाशी सांधा जुळवणे, पृष्ठभाग राखणे. शिल्पकलेचे अर्धे व्याकरण या बैठकीवर मांडलेले आहे. परंतु गंमत अशी, की कलाशाळेतील विद्यार्थी परदेशी शिल्पकारांची चित्रमय पुस्तके चाळतो आणि ही बैठक पाहायला सहसा येत नाही. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. एकाला ‘कलावंत’ आणि दुसऱ्याला ‘कारागीर’ म्हणून वेगळे बसवण्याची रीत इंग्रजी अमदानीतल्या कलाशिक्षणाबरोबर आली आणि इंग्रज गेल्यावरही तिने मुक्काम हलवलेला नाही. ‘शिल्पी’ या आपल्या जुन्या शब्दात दोघेही मावत होते.

औंधची साक्ष

परदेशी शिल्पकारांचा उल्लेख आला तो त्यांना नाकारण्यासाठी नव्हे. या भूमीची वृत्ती तशी संकुचित कधीच नव्हती, आणि त्याची साक्ष सातारा जिल्ह्यातच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे प्रसारक होते. वेदांचे भाष्यकार म्हणून ज्यांना देश ओळखतो ते पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मूळचे चित्रकार. त्यांनी आपल्या स्वाध्याय मंडळाचे कार्य औंधातूनच अनेक वर्षे चालवले. राजेसाहेबांनी १९३८ मध्ये यमाईच्या टेकडीवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय उभारले. आज सांगली जिल्ह्यात असलेली कुंडल, किर्लोस्करवाडी, आटपाडी ही गावे तेव्हा औंध संस्थानात होती. खुद्द सांगली जिल्ह्याचे १९४९ मधले पहिले नाव ‘दक्षिण सातारा’ होते. ते १९६० मध्ये बदलले. तेव्हा सातारा आणि सांगली यांच्या कलाजीवनाची भिंत तशी अलीकडची आणि कागदीच म्हणायची.

त्या संग्रहालयात भारतीय चित्रांच्या सहवासात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर विसाव्या शतकातील या मोठ्या शिल्पकाराचे काम असावे, याचे आश्चर्य आजही ओसरत नाही. मूर यांचा आग्रह होता, की दगडाने दगडासारखेच दिसावे. त्याने मऊ मांसाचे सोंग आणू नये. त्यांच्या कार्यशाळेत गारगोट्या, हाडे, शंख-शिंपले यांचा मोठा साठा असे आणि त्या निसर्गघडित आकारांतून त्यांची शिल्पे सुचत. आणखी एक गोष्ट मूर आणि त्यांच्या समकालीन बार्बरा हेपवर्थ यांनी १९३०च्या दशकात केली. त्यांनी शिल्पाला आरपार छिद्र पाडले. भरीव वस्तुमानाइतकीच पोकळीही शिल्पाचा भाग आहे, हे पाश्चात्त्य शिल्पकलेला त्यातून नव्याने उमगले.

पोकळी! भोपळ्याची सारी किमया तिच्यातच तर आहे. तंबोऱ्यात वाजते ती तार; पण तिला घुमारा मिळतो तो आतल्या रिकाम्या जागेमुळे. गोसाव्याच्या तुंब्यात पाणी राहते ते पोकळीत. कृष्णेच्या काठी पोहायला शिकणाऱ्या पोराच्या कमरेला वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधत, ती त्या पोकळीच्या भरवशावर. गोष्टीतली म्हातारी लेकीकडून परतताना वाघाला चुकवते तीही भोपळ्याच्या पोटात बसूनच. आणि सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आठवा. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि खाली मातीच्या पोटात ऐसपैस घेर. जणू जमिनीत उलगडलेला भोपळाच. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी निकामी झाली. तोंड लहान आणि पोट मोठे हा आकार या भागातल्या माणसाच्या हाडीमांसी मुरलेला आहे. पाणी, धान्य, हळद आणि सूर या चारही गोष्टी त्याने त्याच आकारात साठवल्या.

म्हणून भोपळ्याच्या शिल्पाचा विचार त्याच्या पाठीवरून नव्हे, पोटातून सुरू व्हायला हवा. तो कुठे उघडायचा, आत प्रकाश कसा जाऊ द्यायचा, एका भोपळ्याचे तोंड दुसऱ्याच्या पोटात कसे मिळवायचे, वाऱ्याने त्यातून आवाज येईल का? बस्तरचे कारागीर तापलेल्या पात्याने वाळक्या भोपळ्यावर नक्षी उमटवतात, छिद्रे पाडतात आणि त्याचे दिवे करतात. दिवा लागला की कवच नाहीसे होते आणि भिंतीवर केवळ प्रकाशाची नक्षी राहते. दूर पेरू देशात भोपळ्यावर बारीक आकृत्या कोरून त्या रेषांत जाळलेल्या गवताची काजळी भरण्याची रीत आहे; एकेका भोपळ्यावर साऱ्या गावाचा उत्सव मावतो. दोन्ही ठिकाणी साहित्याचा धर्म पाळलेला आहे, आणि तरी दोन्हींचा चेहरा निराळा आहे.

भारतीय आधुनिकांचा अनुभव

भारतातही हा मार्ग अगदी नवा नाही. अवनींद्रनाथ टागोरांनी उत्तरायुष्यात वाळक्या काटक्या, मुळ्या, लाकडाचे टाकाऊ तुकडे उचलून त्यांतून प्राणी-पक्षी आणि माणसे जमवली. त्यांना ते ‘कुटुम-काटाम’ म्हणत. फारशी काटछाट न करता, तुकड्यात जे दडले आहे ते ओळखायचे, एवढाच त्यांचा नियम. मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९ ते २०१५) यांनी तागाच्या दोराला गाठी मारून माणसाहून उंच, वनदेवतांसारख्या भव्य आकृती उभ्या केल्या. दोर रंगवणे आणि गाठ मारणे ही घरगुती, बायकांची म्हणून दुर्लक्षिली गेलेली कामे. त्यांनी त्यांनाच शिल्पाच्या आसनावर बसवले. कर्नाटकातल्या रंजनी शेट्टर मेण, दोरा, लाकूड, चिंचोक्याची खळ असे पदार्थ वापरतात आणि खेळणी करणाऱ्या, लाखकाम करणाऱ्या कारागिरांच्या कृतींकडे आदराने पाहतात. या सर्वांत समान धागा एकच. प्रत्येकाने एकेका पदार्थाजवळ अनेक वर्षे काढली. एका प्रदर्शनापुरता ताग आणि पुढच्या प्रदर्शनापुरता भोपळा, असे त्यांचे झाले नाही.

रंगाचा प्रश्न निघतो तेव्हा सांगलीच्या विद्यार्थ्याने हळदीकडे वळावे असे सुचवावेसे वाटणे साहजिक आहे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीलाही भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्याच्या सालीवर हळदीचा पिवळा फार सुंदर चढतो, आणि चुना लागला की तीच हळद तांबडी होते. कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. परंतु हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, उडतो. हे ठाऊक नसताना ती वापरणारा फसतो. ठाऊक असून, आज पिवळे असलेले शिल्प वर्षभराने फिकट होणार हे गृहीत धरून जो ती वापरतो, त्याला एक नवे साधन सापडते.

टिकण्याचा प्रश्न

नैसर्गिक साहित्यावर पहिला आक्षेप येतो तो टिकाऊपणाचा, आणि तो खोटा नाही. वाळक्या भोपळ्याला कीड लागते. आत गर राहिला तर तो ओल धरतो. उंचावरून पडला तर तडकतो. पावसात उघड्यावर ठेवला तर कुजतो. चौकात पुतळा म्हणून तो उभा राहू शकणार नाही, आणि कोणी तसे सुचवूही नये. काळजी घेतली तर मात्र तो माणसाचे आयुष्य सहज ओलांडतो. जुने तंबोरे घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले आहेत. सतत हाताळणे, पुसणे, कोरड्या जागी ठेवणे आणि वेळीच दुरुस्त करणे, हे त्यामागचे कारण. म्हणजे टिकाऊपणा केवळ पदार्थात नसतो, तो सांभाळणाऱ्यातही असतो.

शिवाय, शिल्प चिरंतनच असले पाहिजे हा हट्ट आपल्याकडे सार्वत्रिक कधीच नव्हता. वेरूळचे कैलास लेणे कोरणाऱ्या समाजानेच पार्थिव गणेश घडवला, दहा दिवस पुजला आणि पाण्यात सोडला. बेंदराला मातीचे बैल करणारे हात सातारा-सांगलीच्या प्रत्येक गावात होते. एकाच समाजाने पाषाणाचे शिल्प आणि विसर्जनाचे शिल्प या दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धेने केल्या. संग्रहालयांना आणि खरेदीदारांना मात्र पहिलीच सोयीची वाटते. भोपळा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. तो सांभाळला तर राहतो, सोडला तर मातीत मिसळतो.

नाकारलेला भोपळा

आता थोडे व्यवहाराचे. मिरजेचे वाद्यकाम आज सोपे राहिलेले नाही. १९७९ मध्ये बंगळुरात इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला; पुढे तो भ्रमणध्वनीच्या खिशातच येऊन बसला. शिकणाऱ्याला त्याची सोय झाली हे मान्य करायलाच हवे. परंतु घरोघरी लागणारा तंबोरा त्यामुळे मैफलीपुरता उरला. कारागिराच्या मुलाला दुसरी नोकरी अधिक भरवशाची वाटते. शेतकऱ्यालाही ऊस सोडून आठ महिने वेलाची राखण करण्यात राम वाटेनासा होतो, कारण अवकाळी पावसाची एक झड आली की सगळी फळे डागाळतात. आणि भोपळा संपला तर तंबोरा संपतो. त्याला पर्याय म्हणून फायबरचे कवच निघाले आहे. त्याचा नाद ज्याला तसाच वाटतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

या साखळीत शिल्पकाराची एक जागा रिकामी आहे. वाद्याला निर्दोष भोपळा लागतो. म्हणजे वेलावरचे उरलेले सारे, चपटे, वाकडे, लांबट मानेचे, जुळे, डाग पडलेले, एका बाजूने बसके, असे भोपळे नाकारले जातात. वाद्यकाराच्या दृष्टीने ते निरुपयोगी असतात. शिल्पकाराच्या दृष्टीने? जी वाकडी मान सतारमेकर बाजूला टाकतो, तिच्यात एखाद्याला बगळा दिसेल, एखाद्याला वाकलेली बाई दिसेल, आणि ज्याला काहीच ‘दिसवायचे’ नाही त्याला केवळ एक विलक्षण वळण मिळेल. तंबोऱ्याच्या किमतीने नव्हे, पण रास्त किमतीने तो भोपळा विकला गेला, तर शेतकऱ्याला एका वेलाचे दुहेरी उत्पन्न होते आणि चांगल्या भोपळ्याची लागवड टिकण्यास हातभार लागतो. सतारमेकराकडे येऊन बसणाऱ्या विद्यार्थ्याने त्याला शिकवणी द्यावी. फुकट काही मागू नये. तासाला किती, हे आधीच ठरवलेले बरे. कलेच्या नावावर कारागिराकडून मोफत विद्या घेण्याची सवय फार जुनी आहे आणि ती मोडण्याजोगी आहे.

यातून किती शिल्पकार घडतील, याचा हिशेब आज मांडता येणार नाही. परंतु साताऱ्याच्या आणि सांगलीच्या एखाद्या कलाशाळेने एका शेतकऱ्याशी आणि एका कारखान्याशी तीन वर्षांचा करार केला, तर काय होते ते पाहता येईल. तीन वर्षे यासाठी, की पहिल्या वर्षी साचे फुटतील, दुसऱ्या वर्षी छेद चुकतील.

असा करार करायचा तर बोलणी आषाढापूर्वी झाली पाहिजेत; वेल एकदा मातीत गेला की आकार मागण्याची वेळ निघून जाते. आणि भोपळा कापल्यावर आतले बी केराच्या टोपलीत जाऊ देऊ नये. कुठल्या आकाराच्या फळाचे ते आहे, हे पुडीवर लिहून ते शेतकऱ्याकडे परत पाठवावे. भोपळ्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात आणि रात्रीचे पतंग त्यांचे पराग इकडचे तिकडे नेतात. शेजारच्या शेतात भाजीचा दुधी असेल, तर पुढच्या वर्षी त्याच बियांतून भलताच आकार निघतो. म्हणून बियाण्याचा वेल वेगळा, दूर लावावा लागतो. हे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही. त्याच्याकडे पुडी वेळेवर पोहोचली म्हणजे झाले.